महिला राखीव जागेवर ‘महिला’ कोण? उत्तर कायद्यात कमी, मतदार यादीच्या रकान्यात जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अनेक वर्षं वस्तीपातळीवर काम करणाऱ्या एका ट्रान्स महिलेला (जन्मनोंद पुरुषाची, ओळख स्त्रीची) महापालिकेच्या ‘सर्वसाधारण महिला’ जागेवर उभं राहायचं आहे. पक्ष तिकीट द्यायला तयार आहे, पण छाननीत अर्ज उडाला तर जागाच हातची जाईल अशी धास्ती आहे. कोणी ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे करतं, कोणी जळगावचा. कायद्यात ‘महिला’ म्हणजे नक्की कोण, आणि तयारी काय करायची?

आधी व्याख्येचं बघू, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. निवडणुकीच्या कायद्यात ‘महिला’ या शब्दाची व्याख्या नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. त्यातली कलमं २४३-डी आणि २४३-टी ‘महिला’ एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. आपला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, ज्याच्या कलम ५-ए खाली आरक्षणाची सोडत निघते, तोही तसाच. २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभांसाठी १०६ वी घटनादुरुस्ती झाली, तिनेही हा शब्द उलगडला नाही. फौजदारी कायद्यात व्याख्या आहे, पण ती वाचून काही हाती लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २ नुसार स्त्री म्हणजे कोणत्याही वयाची मानवी स्त्री. म्हणजे स्त्री कोण, तर जी स्त्री आहे ती. १८६० च्या दंड संहितेतही हेच होतं. दीडशे वर्षं यावर काम भागलं, कारण कोणी विचारलंच नाही.

जातीशी तुलना केली की यातली खरी गोम कळते. मागासवर्गीय जागेवर अर्ज भरणाऱ्याला जात प्रमाणपत्र लागतं, त्यावर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, दक्षता पथक आहे, आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले निघतात. महिला राखीव जागेसाठी यातलं काहीही नाही. ‘महिला वैधता प्रमाणपत्र’ नावाची चीज अस्तित्वात नाही. अर्जातला लिंगाचा रकाना, मतदार यादीतली नोंद आणि समोर उभी व्यक्ती, एवढ्यावर निवडणूक निर्णय अधिकारी पुढे जातो. म्हणजे व्यवहारात व्याख्या ठरवते ती मतदार यादी. हे लक्षात घेतलं की तयारीचा क्रम आपोआप ठरतो: युक्तिवाद नंतर, रकाना आधी.

रकान्याचं वजन किती, हे दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की दिसतं. मध्य प्रदेशात कटनीच्या महापौरपदी कमला जान निवडून आल्या. पद महिलांसाठी राखीव होतं. निवडणुकीला आव्हान दिलं गेलं, कायद्याच्या लेखी त्या पुरुष ठरल्या, निवड रद्द झाली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केलं. लोकांनी भरभरून मतं दिली होती. त्याचा उपयोग झाला नाही. दुसरी निवडणूक आपल्या राज्यातली, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीची. तिथे महिला राखीव प्रभागातून एका ट्रान्स महिलेने भरलेला अर्ज अधिकाऱ्याने फेटाळला. कारण असं की जागा महिलांची आहे, उमेदवार तृतीयपंथी आहे आणि तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हा निर्णय रद्द करून अर्ज स्वीकारायला लावला. त्या निवडूनही आल्या.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या होत्या. १५ एप्रिल २०१४ चा ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकाल: स्वतःचं लिंग पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. आणि तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९, जो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. औरंगाबाद खंडपीठाने या दोन्हींचा आधार घेतला.

त्या आदेशातली एक ओळ मात्र बहुतेक जण वाचत नाहीत, आणि मला तीच सर्वांत कामाची वाटते. उमेदवाराने न्यायालयापुढे सांगितलं की आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे कुठल्याही लाभासाठी ती बदलणार नाही. न्यायालयाने हे नोंदवून घेतलं. ‘मी म्हणते म्हणून’ आणि ‘मी कायम हेच म्हणत आले आहे आणि म्हणत राहीन’ यात कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. तुमच्या उमेदवाराच्या शपथपत्रात हा मजकूर हवाच. अर्जाच्या नमुन्यात त्याला जागा नसली तरी स्वतंत्र शपथपत्र करून जोडा.

आता कागद, आणि त्यांच्या तारखा. गाडी रुळावरून घसरते ती इथेच.

महापालिकेची स्वतंत्र मतदार यादी नसते. राज्य निवडणूक आयोग एक दिनांक जाहीर करतो, त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिची फोड करतो. जानेवारी २०२६ च्या पुणे महापालिका निवडणुकीसाठी तो दिनांक १ जुलै २०२५ होता, म्हणजे मतदानाच्या साडेसहा महिने आधीचा. ज्यांनी दिवाळीच्या सुमारास नमुना ८ भरून नाव-लिंगाची दुरुस्ती केली, त्यांची विधानसभेची यादी सुधारली, प्रभागाची जुनीच राहिली. प्रारूप यादीवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा लोकांना वाटतं आता सगळं दुरुस्त होईल. होत नाही. त्या टप्प्यावर फोड करतानाच्या चुका सुधारतात: प्रभाग चुकला, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीतून गळलं, लेखनिकाची चूक झाली. मूळ यादीतली नोंद राज्य आयोग बदलत नाही. म्हणून लिंगाची दुरुस्ती निवडणुकीच्या आदल्या वर्षी उरकलेली असावी.

नमुना ६ (नवी नोंदणी) आणि ८ मध्ये पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तीन पर्याय आहेत. (पुरुष-स्त्रीखेरीज ‘इतर’ म्हणून नाव नोंदवायची सोय निवडणूक आयोगाने २००९ मध्ये केली.) इथे खूप जण सवयीने किंवा चळवळीच्या अभिमानाने ‘तृतीयपंथी’वर खूण करतात. तो त्यांचा हक्क आहे, आणि सर्वसाधारण जागेवर लढायचं असेल तर काहीच बिघडत नाही. पण महिला राखीव जागेवर लढायचं असेल तर यादीत ‘तृतीयपंथी’ आणि अर्जात ‘महिला’ ही विसंगती प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाला आयती मिळते. नालसाने तीन दारं उघडली. एकाच निवडणुकीत दोन दारांतून आत येता येत नाही, एवढा साधा आक्षेप असतो तो. भादलीचा आदेश हाताशी असल्याने त्याला उत्तर आहे, पण उत्तर द्यायची वेळच का येऊ द्यायची? ओळख स्त्रीची असेल तर रकान्यात ‘स्त्री’च हवं.

त्याला आधार म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम झाले तेव्हाची रचना अशी: तृतीयपंथी व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत विहित नमुन्यातलं शपथपत्र, वैद्यकीय तपासणी नाही, आणि ३० दिवसांत प्रमाणपत्र. हे कलम ६ चं प्रमाणपत्र, आणि त्यावर ‘तृतीयपंथी’ असं लिहिलेलं असायचं, ‘स्त्री’ नव्हे. वैद्यकीय प्रक्रिया झालेली असेल तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्र मिळायचं. त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ यायचं. कलम ७ चा कागद हातात असेल तर छाननीच्या टेबलावर वादच संपतो. फक्त कलम ६ चा असेल तर त्यासोबत भादलीचा आदेश, नालसाचे संबंधित परिच्छेद आणि वर सांगितलेलं शपथपत्र अशी पूर्ण जुडी लागते. संसदेला हा कायदा आणि केंद्र सरकारला हे नियम बदलता येतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला मजकूर राजपत्रातून काढून वाचा. तीन वर्षांपूर्वी कोणी मोबाइलवर पाठवलेल्या पीडीएफवर विसंबून राहू नका.

नावाचा गोंधळ लिंगाच्या गोंधळापेक्षा जास्त अर्ज खातो. मतदार यादीत नवं नाव, आधारवर नवं, पॅनवर जुनं, मालमत्ता कराच्या पावतीवर भलतंच. शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, कर्ज सगळं जाहीर करायचं असतं, त्यामुळे जुन्या नावावरचं बँक खातं किंवा जुन्या नावावरचा पोलीस ठाण्यातला गुन्हा सुटला तर ती ‘माहिती दडवली’ ठरते. नाव बदलाची महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी ही या सगळ्याला जोडणारी कडी. तिच्या दोन-तीन प्रती, आणि ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती’ असं शपथपत्र, हे जुडीत सर्वांत वर असावं. महापालिकेचं थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्रही त्याच नावाने निघालंय ना, बघून घ्या.

जागा ‘ओबीसी महिला’ किंवा ‘अनुसूचित जाती महिला’ असेल तर काम दुप्पट. हे फक्त ट्रान्स उमेदवाराला लागू नाही, कुठल्याही विवाहित उमेदवाराला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बाईची जात माहेरची, सासरची नव्हे. लग्नाने मागासवर्गीय घरात आलेल्या स्त्रीला त्या घराच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये वलसम्मा पॉल प्रकरणात सांगितलं आहे. तरी दर निवडणुकीत नवऱ्याच्या जातीच्या कागदावर बायकोचा अर्ज भरायचा प्रयत्न होतोच. आणि माहेरच्या जातीचा दाखला बरोबर असला तरी त्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं नाव. मधला पूल विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र. ट्रान्स महिलेच्या बाबतीत दाखला आणि वैधता दोन्हींवर जन्मनाव, आणि अर्जात पुरुषाचं नाव असलेला कागद जोडायचा म्हणजे आक्षेप घेणाऱ्याला निमंत्रणच. यावर उपाय म्हणजे जात प्रमाणपत्र आणि वैधता नव्या नावाने करून घेणं. समितीकडच्या कामाला महिने लागतात. वैधता प्रमाणपत्राची कारवाई आधीच झालेली असणं आणि राजपत्र जोडणं, हा दुसरा, कमी सुखाचा मार्ग. अनेक वर्षांत माझं मत असं झालंय की राखीव प्रवर्गातल्या स्त्रीला ‘स्त्री’ सिद्ध करायला जेवढी यातायात लागते, त्याच्या दसपट ‘अमुकची मुलगी’ सिद्ध करायला लागते.

कोणती जागा मिळेल हे आधी कळत नाही अशी तक्रार असते, पण पुण्याच्या रचनेत ती अर्धीच खरी. २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग आणि १६५ जागा होत्या. ४० प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. महाराष्ट्रात महिलांचं आरक्षण निम्म्या जागांचं आहे; १६५ चे निम्मे साडेब्याऐंशी, म्हणून महिलांच्या जागा ८३. प्रवर्गवार फोड अशी: अनुसूचित जाती २२ पैकी ११, अनुसूचित जमाती २ पैकी १, ओबीसी ४४ पैकी २२, सर्वसाधारण ९७ पैकी ४९. चार सदस्यांच्या प्रभागात महिलांच्या दोन जागा असतातच. सोडतीत बदलतो तो त्या जागांचा प्रवर्ग. २०१२ मध्ये, ५० टक्के आरक्षण नुकतंच आलं होतं तेव्हा, दोन सदस्यांचे ७६ प्रभाग होते आणि प्रत्येकात एक जागा महिलेची. म्हणजे बहुसदस्यीय पद्धत टिकली तर आपल्या प्रभागात महिलेची जागा असेल हे गृहीत धरून कागदांची तयारी सोडतीच्या कितीतरी आधी करता येते. पोटनिवडणूक लागली तर जागेचं मूळ आरक्षण कायम राहतं, नवी सोडत निघत नाही. आणि एक गोष्ट सारखी सांगावी लागते: सर्वसाधारण जागा ‘पुरुषांची’ नसते. तिथे कोणीही उभं राहू शकतं. व्याख्येचा वाद टाळायचा असेल तर तो रस्ता उघडा आहे. तो रस्ता जास्त चढाचा आहे, हेही खरं.

छाननीचा दिवस. महापालिका निवडणुकीत ही संक्षिप्त चौकशी असते; साक्षीदार-उलटतपासणीचा खटला नव्हे. आक्षेप आला की अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे निर्णय देतो. उमेदवाराने स्वतः हजर राहावं, सोबत निवडणूक कायदा जाणणारा वकील असावा, आणि जुडीचे तीन संच असावेत: एक अधिकाऱ्याला, एक आक्षेपकाला, एक आपल्याकडे पोच घेऊन. आक्षेप तोंडी असेल तर लेखी मागा. कोणी ‘मेडिकल करा’ म्हणालं तर शांतपणे विचारा, कुठल्या नियमाखाली? उमेदवाराच्या शरीराची तपासणी करायची तरतूद छाननीच्या नियमांत नाही, आणि नालसानंतर तशी मागणी करणं अधिकाऱ्यालाच अडचणीत आणेल. अर्ज नाकारला तर कारणांसह लेखी आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागून घ्या. त्यानंतरची वाट अरुंद आहे. घटनेचं कलम २४३-झेडजी निवडणूक सुरू असताना न्यायालयांना हात आखडता घ्यायला लावतं. ‘निवडणूक होऊ द्या, मग याचिका करा’ हे १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासूनचं सूत्र आहे. भादलीत उच्च न्यायालयाने मध्येच दखल घेतली, पण त्या भरवशावर रणनीती आखू नये.

अर्ज स्वीकारला गेला आणि उमेदवार निवडून आली, तरी फाइल बंद करू नका. हरलेला उमेदवारच नव्हे, कोणीही नोंदणीकृत मतदार महापालिका अधिनियमाच्या कलम १६ खाली निवडीला आव्हान देऊ शकतो. मुदत अवघी १० दिवसांची असते. खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो, आणि तिथे पुराव्याची चिकित्सा होते. तेव्हा कामाला येतात ते निवडणुकीच्या आधीचे, निवडणुकीशी संबंध नसलेले कागद: चार वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, बचत गटाच्या नोंदी, दवाखान्याचे पेपर, ज्यावर ती स्त्री म्हणूनच आहे. अर्जाच्या आठवड्यात तयार झालेल्या कागदाकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने बघतात, आणि बघायलाच हवं.

आता ब्रिटनचा निकाल. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ठरवलं की २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असा आहे. २००४ च्या कायद्याखाली लिंगबदलाचं प्रमाणपत्र मिळालं तरी त्या कायद्यापुरता तो अर्थ बदलत नाही. वाद सुरू झाला तो स्कॉटलंडच्या २०१८ च्या कायद्यावरून, ज्यात सार्वजनिक मंडळांवर निम्मे बिगर-कार्यकारी सदस्य स्त्रिया असाव्यात असं उद्दिष्ट होतं. म्हणजे मूळ प्रश्न कोट्याचाच. निवडणुकीशी त्याचा संबंध असा की तिथे राखीव मतदारसंघ नाहीत. पक्ष स्वतःच्या यादीत ‘फक्त स्त्रिया’ अशी निवड करतात. १९९६ मध्ये एका न्यायाधिकरणाने ते भेदभावाचं ठरवलं, म्हणून २००२ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि पुढे समानता कायद्याच्या कलम १०४ ने ती मुभा २०३० अखेरपर्यंत दिली. त्या यादीतली ‘स्त्री’ म्हणजे कोण, हे आता त्या निकालाप्रमाणे ठरेल.

पुण्याच्या छाननीत हा निकाल कोणी फडकवला तर उत्तर एका वाक्याचं आहे: तो एका ब्रिटिश कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावतो, आणि आपल्याकडे त्याच प्रश्नावर आपल्या सुप्रीम कोर्टाचा आणि आपल्याच उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यावर ते बंधनकारक आहेत, लंडनचा नाही. त्यामागची चिंता मात्र उडवून लावण्यासारखी नाही. ती अशी की कोटा हा एका गटाला झालेल्या ऐतिहासिक तोट्याची भरपाई असतो, आणि गटाची सीमा कागदावर हलली तर भरपाई कोणाला मिळते हेच कळेनासं होतं. या चिंतेवर नालसा थेट बोलत नाही. तो प्रतिष्ठेच्या आणि ओळखीच्या हक्काबद्दल बोलतो. भविष्यात मोठ्या खंडपीठापुढे हा प्रश्न गेला तर कसोटी इथेच लागेल.

दोन्ही न्यायपद्धतींचा फरक ट्रान्स पुरुषाच्या उदाहरणाने चटकन कळतो. जन्मनोंद स्त्रीची, आज पुरुष म्हणून जगणारी व्यक्ती. ब्रिटिश निकालाप्रमाणे समानता कायद्यात ती ‘स्त्री’ गणली जाईल. भादलीच्या तर्काने ती पुरुष, आणि मतदार यादीत जुना ‘स्त्री’ रकाना उरला असला तरी महिला राखीव जागेवर तिने अर्ज भरणं माझ्या मते टिकणार नाही. स्वतःची ओळख हाच आधार असेल तर तो दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवा.

‘उद्या कोणीही उठून मी बाई आहे म्हणेल’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो. तसं एकदा खरंच घडलं, मेक्सिकोत. तिथे पक्षांना उमेदवार यादीत स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे ठेवावे लागतात. २०१८ मध्ये वाहाका राज्याच्या स्थानिक निवडणुकीत कोटा भरेना, तेव्हा काही पुरुष उमेदवार अचानक ‘ट्रान्स महिला’ म्हणून नोंदवले गेले. तक्रार कोणी केली? तिथल्या ‘मुशे’ समाजाने, म्हणजे त्या भागातल्या परंपरागत तृतीयलिंगी लोकांनीच. निवडणूक न्यायाधिकरणाने स्वयंघोषणेचं तत्त्व मोडलं नाही. ज्यांनी आधी पुरुष म्हणून उमेदवारी नोंदवली आणि नंतर सोयीने रकाना बदलला, अशा बहुतेकांच्या उमेदवाऱ्या रद्द केल्या. आयुष्यभराची ओळख आणि सोयीची ओळख यांतला हाच फरक भादलीच्या आदेशातही आहे. म्हणून कागदांच्या तारखांवर मी एवढा जोर दिला.

उमेदवार यादीचा कोटा आणि आपली राखीव जागा यांत लबाडीची जागाही वेगळी असते. यादीच्या कोट्यात पक्ष आकडा भरतो, पण बाईला हरणाऱ्या मतदारसंघात टाकतो किंवा निवडून आल्यावर राजीनामा द्यायला लावून पर्यायी पुरुषाला बसवतो. मेक्सिकोत २००९ मध्ये हे एवढं झालं की अशा खासदारांना ‘हुआनिता’ असं नावच पडलं. नेपाळमध्ये पक्षाने महापौर आणि उपमहापौर दोन्ही पदांना उमेदवार दिले तर त्यांत एक स्त्री हवी. युती करून एकेक पद वाटून घेतलं की अट लागतच नाही. आपल्याकडे जागाच राखीव असल्याने बाई निवडून येतेच, हे आपल्या पद्धतीचं बलस्थान. गळती पुढे होते: फलकावर ताईंचा फोटो, फोन उचलतात भाऊ. ‘महिला’ची व्याख्या ताणली जाईल या भीतीने ज्या बैठका तापतात, त्या या गळतीवर गप्प असतात, याची नोंद तेवढी करून ठेवतो.

शेवटी पक्षाच्या धास्तीबद्दल, कारण प्रश्न तिथून सुरू झाला. जागा हातची जाऊ नये म्हणून उमेदवारच बदलायची गरज नाही. एबी फॉर्ममधल्या (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव देता येतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत नामंजूर झाला तर चिन्ह पर्यायी उमेदवाराकडे जातं. त्यासाठी तीन गोष्टी पाळा. पर्यायी उमेदवारही त्याच प्रवर्गातली महिला हवी. तिचाही अर्ज संपूर्ण हवा: स्वतंत्र सूचक-अनुमोदक, स्वतंत्र शपथपत्र, स्वतंत्र अनामत (महिलांना ती निम्मी असते). आणि बी फॉर्मवर दोन्ही नावं मतदार यादीत आहेत तशीच, वेलांटी-उकारासह लिहा. बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अधिकाऱ्याच्या टेबलावर मूळ सहीचा पोचला पाहिजे. झेरॉक्स चालत नाही, फोनवरून आलेला फोटो तर नाहीच.